चार वेळा केलेले ब्रेक

आमच्या पुढच्या खोलीत जुन्या पद्धतीच्या वीतभर फरश्या आहेत. गेल्या वर्षी, मे संपता संपता, बायको रोज दुपारी पलंगाच्या कडेला बसून त्यातल्या तीन फरश्यांवर पाय चालवायची. डावी क्लच, मधली ब्रेक, उजवी ॲक्सिलेटर. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, आणि खाली पाय चाललेत. डोळे मिटून घ्यायची. ब्रेक. ब्रेक. परत ब्रेक. मग डोळे उघडून बघायची, पाय कुठल्या फरशीवर पडलाय. मधल्याच फरशीवर असायचा. दर वेळी. तरी परत डोळे मिटायची.

निवळी घाटात आपला पाय नेमका कुठे चुकला ते ती शोधत होती. मी समोर खुर्चीत बसून बघत होतो. आणि मला माहीत होतं की पाय चुकलाच नव्हता.

आता हे सगळं सलग सांगून टाकतो. मधे थांबलो तर मी परत काहीतरी गुळगुळीत करून सांगेन, त्यात मी पटाईत आहे. आणि सुरुवातीचा भाग हसण्याचा आहे, तो वगळता येणार नाही, कारण सगळं तिथूनच आलं.

माझ्याकडे जीप होती. माझ्याहून वयाने मोठी, पेट्रोलची, कापडी हुडाची. लग्नाआधी पावस गावातल्या एका रिटायर्ड माणसाकडून घेतलेली. तेव्हा तिच्यात कोंबडी बसायची, खोटं नाही सांगत, मागच्या सीटखाली दोन अंडी मिळाली. मी मिरजोळ्याला एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो, पगार बेताचाच, पण त्या जीपच्या पुढ्यात उभा राहिलो की मला माझा पगार आठवायचाच नाही. ज्याला हा नाद आहे त्याला कळेल. ज्याला नाही त्याची बायको नशीबवान.

असे आम्ही पाच जण होतो. हातखंब्याला हायवेच्या कडेला मिस्त्रीचं गॅरेज, बाजूला चहाची टपरी, दर रविवारी सकाळी तिथे पाच जुन्या गाड्या लावून उभे. गाड्यांबद्दल अर्धा तास बोलणं व्हायचं. पुढचे दोन तास बायकोला काय सांगायचं याबद्दल.

पोट दुखेपर्यंत हसायचो. एकाचा बर्फाचा कारखाना आहे, त्याने जीपच्या डोक्यावर लोखंडी कॅरिअर बसवला आणि घरी सांगितलं, तुझ्यासाठीच केलाय, यावर बांगडे सुकव, मांजर पोचणार नाही. तिने खरंच सुकवले. महिनाभर तो बाजारात गेला की मागून मांजरं. दुसरा बँकेत क्लार्क. त्याची पद्धत वेगळी, तो प्रत्येक वस्तू घेतली की बायकोच्या हातात दोनशे रुपये ठेवायचा, जुनी विकली, नवी घेतली, वर एवढे उरले. ते दोनशे अर्थात त्याच्याच खिशातले. शेवटी बायको म्हणाली, मग असंच घेत आणि विकत राहा, दोन वर्षांत बंगला होईल.

आणि आमचा एक नियम होता. नवी वस्तू चकचकीत घरी न्यायची नाही. आधी माती लावायची. गॅरेजच्या मागे लाल मातीचा ढीग होता, नवे टायर असतील तर त्यात लोळवायचे, लोखंड असेल तर जळकं ऑइल फासून वर माती. मिस्त्रीने आमच्यासाठी जळक्या ऑइलचा वेगळा डबाच भरून ठेवलेला. मग घरी जाऊन सांगायचं, मित्राकडे पडलेलं होतं, फुकट दिलं. मी सीट कव्हर नेली ना, ती आधी चौघांनी मिळून गालिचा झटकतात तशी धुळीत आपटली. बायकोने कव्हरं बघितली, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, तुझ्या मित्रांच्या घरी सगळंच एवढं मळकं असतं, त्यांच्या बायका काही बोलत नाहीत का?

ती ब्लड तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर बाटल्यांवरची नावं आणि नंबर जुळवून बघणं हेच काम. ती हसत विचारते, पण विचारते. फुकट कोणी दिलं, का दिलं, त्याला नको होतं का. कव्हरं खरी तर फुकट नव्हती, त्या महिन्याच्या पगारातून बरीच रक्कम गेलेली, तिचा हिशोब बायको विचारणार हे नक्की. तेव्हा मला सुचलं. म्हटलं, कव्हरं फुकटचीच गं. पैसे गेले ते ब्रेकला. ब्रेकचं काम करून घेतलं.

तिने नाकावरचा रुमाल काढला. मग म्हणाली, "ब्रेकला कधी पैशांकडे बघू नकोस."

झालं. मला वाटलं मला खजिना सापडला. रविवारी हातखंब्याला सांगितलं तर चौघांनी टाळ्या वाजवल्या, त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. कारण खरंच आहे ना, बायको हॉर्नला नाही म्हणेल, दिव्यांना नाही म्हणेल, ब्रेकला कशी म्हणणार? सगळ्यांनी उचललं ते. बर्फवाला म्हणाला, माझी विचारते, गाडीला ब्रेक असतात तरी किती? मी म्हटलं, चार चाकांचे चार आणि हँडब्रेक वेगळा, पाच महिने चालतील. त्या वाक्यावर आम्ही किती दिवस हसत होतो.

माझे असे तीनदा ब्रेक झाले. पहिल्यांदा सीट कव्हर. मग मुंबईहून मागवलेला एक जुन्या पद्धतीचा हॉर्न. मग लाकडी कडीचं स्टिअरिंग, ते तर माती लावून नेलं, ब्रेकचं एवढं काम मिळालं म्हणून मिस्त्रीने खूश होऊन दिलं, असं सांगून. आमच्या ओळखीत ही जीप ब्रेकसाठी प्रसिद्ध झाली. बायको लॅबमध्ये सांगायची, गाडी म्हातारी आहे, पण ब्रेक तेवढे अगदी नवे.

चौथी वेळ आबांची.

आबा म्हणजे माझे सासरे. संगमेश्वराच्या आत त्यांचं गाव. सासूबाई नाहीत, आबा एकटेच, थोडी भातशेती, काजूची बाग. एप्रिलमध्ये आम्ही जीप घेऊन गेलेलो. आबा खळ्यात बसून बिया निवडत होते, काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, सालं निघालेली. बायको सांगत होती आपली, जीपचे ब्रेक तीनदा केले, हा गाडीवर खर्च करतो पण निदान ब्रेकवर तरी करतो. आबा उठून आत गेले, आणि येताना काजूच्या पैशांतले आठ हजार घेऊन आले, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले.

"जावय, एकदाचे सगळे नवे करून टाका," ते म्हणाले. "हिला कपडालत्ता नको हाय. ब्रेक करा. तुमी दोघं त्या घाटातनं येताजाता."

मी नको नको म्हटलं, खरंच म्हटलं. त्यांनी खिशात कोंबले. आणि मी ठरवलेलं, देवाशपथ ठरवलेलं, की यावेळी खरे ब्रेक करायचे. कारण मिस्त्रीने त्याआधीच मला दोनदा सांगितलेलं. गाडीखाली झोपून त्याने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या पाइपवरून नख फिरवलं आणि गंजाचा पापुद्रा माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, समुद्राची खारी हवा, पाइप खाल्लाय, आतलं ऑइल झिरपतंय, बदलून घे, उगाच खेळ करू नको.

मी त्या रविवारी आबांचे पैसे खिशात घेऊन गेलो. आणि बँकवाल्याने कोल्हापूरहून पिवळ्या दिव्यांची जोडी आणलेली. मोठे, गोल, काचेवर अजून कंपनीचा पातळ प्लास्टिकचा कागद. त्याने त्याच्यासाठी आणलेले, पण त्याच्या घरी वातावरण तंग होतं, म्हणून विकायचे होते. मी ते जीपच्या पुढे धरून बघितले.

पाइप गाडीच्या पोटात असतो. कोणाला दिसत नाही. दिवे समोर असतात. एवढंच होतं हो डोक्यात, याहून मोठा विचार काही नव्हता. पाइप पुढच्या महिन्यात, असं म्हटलं. मिस्त्रीने दिवे बसवून दिले. माझ्याच हाताने मी त्यांना माती लावली. घरी सांगितलं, चारही चाकांचे ब्रेक नवे झाले, आबांना फोन करून सांग. तिने लगेच केला.

मे महिन्यात एक दिवस ती जीप घेऊन बाजारात जाऊन आली आणि म्हणाली, "ब्रेक जरा खाली जातोय रे. दोनदा मारावा लागतो."

तिला गाडी मीच शिकवलेली, सड्यावर, मोकळ्या कातळावर, जिथे आपटायला काही नाही. माझ्याहून चांगली चालवते. क्लच इतका हळू सोडते की गाडी कधी निघाली कळत नाही. तिच्या पायाला जे जाणवलं ते बरोबरच होतं. आणि मी काय सांगणार होतो? चार वेळा केलेला ब्रेक खाली जातो, याचं उत्तर काय? मी म्हटलं, "नवे लायनर आहेत ना. बसायला वेळ लागतो."

ती हो म्हणाली. माझ्यावर विश्वास होता, दुसरं काय.

त्याच महिन्यात आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रत्नागिरीत झालं. डाव्यातही मोतीबिंदू होताच, तो नंतर करायचा होता. चांगलं झालं ऑपरेशन. पट्टी काढल्यावर आबा आमच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव वाचत होते, दर पाच मिनिटांनी तेच. त्यांना घरी जायची घाई, पावसाच्या आधी बागेत कामं असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी जायला परवानगी दिली.

दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. माझ्याकडे माल उतरत होता, ट्रक दारात, मी पेट्या मोजत होतो. ती म्हणाली, एसटीने आबांच्या डोळ्याला हादरे बसतील, मी जीप घेऊन सोडून येऊ का? मी म्हटलं, संध्याकाळी मी येतो, मग जाऊ. ती म्हणाली, संध्याकाळी परत येताना अंधार होईल. आणि मग म्हणाली, "ब्रेक चांगलेच आहेत. मी हळू नेते."

तिथे मला बोलायचं होतं. एक वाक्य. ट्रकवरचा माणूस पावती मागत होता, ते कारण नाही, मी त्याला थांब म्हणू शकलो असतो. मी विचार केला की स्वतः मी याच ब्रेकवर महिना काढलाय, दोनदा मारला की लागतो. मी म्हटलं, "घाटात दुसऱ्या गिअरात ने." तिने हो म्हटलं आणि फोन ठेवला.

घाटात काय झालं ते तिने मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ आहे. निवळीपासून खाली बावनदीकडे उतरताना ती दुसऱ्या गिअरातच होती. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्या वळणाला पाय सरळ खाली गेला, पत्र्याला टेकला. तिने परत मारला, परत, परत. हँडब्रेक ओढला, त्याने काही झालं नाही. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक हळूहळू उतरत होता आणि समोरून गाड्या येत होत्या. डाव्या हाताला दरी. तिने हॉर्न दाबून धरला, तो माझा मुंबईचा हॉर्न, समोरच्या गाड्या थांबल्या, आणि तिने जीप उजवीकडे कापून डोंगराच्या अंगाला, जांभ्या दगडात घातली. मुद्दाम. एवढ्या वेळात तिने एवढा विचार केला.

तिचं मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके. आबा बाजूला बसलेले, जुन्या जीपला पट्टा नसतो, त्यांचं तोंड पुढच्या पत्र्यावर गेलं. गळ्याखालचं हाड मोडलं. आणि उजवा डोळा, तीन दिवसांपूर्वी केलेला, गेला.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. तिने मान भिंतीकडे वळवली.

पोलीस दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला आले. दुसऱ्या कोणाचं नुकसान नव्हतं, हवालदार घाईत होता, त्याने आधीच अर्धं लिहून आणल्यासारखं विचारलं, बाई चालवत होत्या ना? ती म्हणाली, "ब्रेक गेल्यासारखा वाटला. पण ब्रेक तर महिन्यापूर्वीच केलेत. माझाच पाय क्लचवर पडला असेल." हवालदाराने माझ्याकडे बघितलं. ब्रेक कधी केलेत? मी म्हटलं, एप्रिलमध्ये. त्याने लिहिलं. तिने उजव्या हाताने खाली सही केली.

मी तिच्या सहीच्या वेळी कागद धरून ठेवला होता, हलू नये म्हणून.

मग त्या फरश्या. मी आबांना आमच्याकडेच आणलं, ते आतल्या खोलीत, ती बाहेरच्या. गावाहून तिची आत्या बघायला आली आणि तिच्यादेखत मला म्हणाली, बायकांच्या हातात गाडी देऊ नये हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं, आता बापाला आंधळा केलान ना. बायको चहा करायला उठली, एका हाताने. महिनाभराने कामावर गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. म्हणाली, बाटलीवरचा नंबर दहा वेळा बघते तरी खात्री वाटत नाही, दुसऱ्याचं रक्त तिसऱ्याच्या नावावर घातलं तर? स्वतःच्या स्कूटरला हात लावला नाही. रस्ता ओलांडताना माझा शर्ट धरायची. रिक्षा वळली की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि ती पायाकडे बघायची, हा कोणाचा पाय आहे अशी.

मी रोज ठरवायचो, आज सांगू. आम्हा पाच जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर कोणी काही टाकलं नव्हतं. मग बर्फवाल्याचा फोन आला. म्हणाला, तू काही बोलू नको हां, सांगून काय आबांचा डोळा परत येणार आहे? मग म्हणाला, आमच्याही घरी आहेत रे बायका. मी फोन ठेवला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. चार जण माझ्यासारखेच आहेत याचं बरं वाटलं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. आबांना तेव्हा फक्त डाव्या डोळ्याने, मोतीबिंदूतून, दिसायचं तेवढंच. ती त्यांच्या ताटात मासा सोलून काटे काढून ठेवत होती. तिचं प्लास्टर निघालेलं, बोटं अजून आखडलेली. आबा तिचा हात चाचपत म्हणाले, "पुरे गो बाय. किती दिवस खात बसशील स्वतःला?" मग माझ्या दिशेने वळून म्हणाले, "बरा झाला, तुमी तवा ब्रेक केलाव. निदान पहिल्या वळणाला तरी लागला. नायतर दरीतच गेलो असतो."

तिने मान हलवली. तिलाही ते पटलेलं. मी त्यांना वाचवलं होतं, आणि तिने डोळा घालवला होता.

मी म्हटलं, "आबा, ब्रेक केलेच नव्हते."

तिने हातातला काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"कधी?" ती म्हणाली.

"कधीच नाही."

"चार वेळा केलेस ना?"

मी सांगितलं. कव्हरं, हॉर्न, स्टिअरिंग. पाइपला गंज होता तेही, मिस्त्रीने दोनदा सांगितलेलं तेही. लायनर बसायचे आहेत हे खोटं होतं तेही. एकदा सुरू झाल्यावर मी भराभर बोलत होतो, माती कशी लावायचो ते पण सांगितलं, ते कोणी विचारलं नव्हतं.

आबांनी विचारलं, "आणि माझे?"

"दिवे घेतले."

"पिवळे ते?"

"हो."

त्यांनी ताट पुढे सारलं. मग म्हणाले, "लांबनं दिसायचे." आणि हात धुवायला उठले. भिंत धरून गेले. मी उठलो तर त्यांनी हात मागे करून मला थांबवलं.

ती बसलेली तशीच होती. मला वाटलं ओरडेल, ताट फेकेल, मी त्याची वाट बघत होतो. ती हळू म्हणाली, "म्हणजे माझा पाय ब्रेकवरच होता."

"हो."

"आणि तुला माहीत होतं. मी त्या फरश्यांवर बसायचे तेव्हा."

मी हो म्हटलं. त्या दिवशी तेवढं एकच खरं मी लगेच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन दारात उभी. आधी पोलीस चौकीत. हवालदाराला आठवतही नव्हतं, तो म्हणाला, ताई, आता कशाला, मिटलंय ते. ती म्हणाली, माझ्या सहीखाली चुकीचं लिहिलंय. तिने तिचा जबाब बदलला आणि मग मला पेन दिलं. मी माझ्या अक्षरात लिहिलं, ब्रेकचं काम केलं नव्हतं, मी खोटं सांगितलं. तिने ते वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत, लॅबमधला कागद वाचते तसं.

मग रिक्षाने हातखंब्याला. रविवार होता. ते चौघं टपरीवर उभे होते, आम्हाला बघून त्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. माझी जीप गॅरेजच्या मागे, मातीच्या ढिगाशेजारी पडलेली. पुढचा भाग आत गेलेला. एक पिवळा दिवा फुटलेला आणि दुसरा धड, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच, वर मी लावलेली माती.

तिने मिस्त्रीला मागचा पाइप दाखवायला सांगितलं. तो खाली झोपला, पाइप सोडवून आणला. पुढच्या धडकेचा त्याच्याशी संबंध नव्हता, मधेच गंजून फाटलेला, आणि चाकाच्या आतल्या बाजूला गळून गळून जुनं काळं ऑइल साचलेलं. मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुमच्याकडनं काय चुकलं नाय." आत्तापर्यंत तो का बोलला नव्हता ते तिने विचारलं नाही. मीही कोणत्या तोंडाने विचारणार.

ती जीपमध्ये चढली. चालकाच्या जागेवर बसली, त्या मळक्या कव्हरवर. पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला. पाय सरळ खाली गेला. पत्र्याला टेकल्याचा आवाज आला. तिने पाय उचलला, परत दाबला. परत. डोळे उघडे ठेवून, खाली बघत. आम्ही सहा पुरुष मातीत उभे होतो, आणि तो आवाज येत होता, ठक, ठक. बराच वेळ.

मग ती उतरली आणि त्या चौघांकडे बघून म्हणाली, "तुमचे पण मिस्त्रींना आत्ता बघायला सांगा. मी थांबते."

ती टपरीच्या बाकावर बसली आणि खरंच थांबली. मिस्त्री एकेका गाडीखाली गेला. बँकवाल्याच्या गाडीखालून बाहेर आल्यावर त्याने हातातला पापुद्रा त्याच्या हातावर ठेवला, माझ्या हातावर ठेवलेला तसाच. बँकवाल्याची बायको तीच गाडी घेऊन रोज मुलीला शाळेत सोडते. त्याने तो पापुद्रा झटकला नाही. मूठ बंद करून धरून ठेवला.

आम्ही रविवारी आता भेटत नाही. जीप भंगारात दिली. बायको परत लॅबला जाते, स्कूटरने. आत्या आली होती तेव्हा तिने स्वतः सगळं सांगितलं, आवाज न चढवता, मी तिथेच होतो. आबा गावी गेले नाहीत, बाग वाट्याने दिली. माझ्याशी बोलतात, जावय म्हणूनच बोलतात. गॅलरीत बसतात, टाकीकडे तोंड करून.

डिसेंबरात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. मी घरी असलो की मी घालतो. ती आतून विचारते, घातलेस? मी घातले म्हणतो. मग ती हात पुसत बाहेर येते आणि म्हणते, "दाखव."

मी बाटली दाखवतो. ती नाव वाचते, तारीख वाचते, उजेडाकडे धरून औषध किती उरलंय ते बघते. मग आबांच्या डोळ्याखाली बोट लावून बघते, ओलं आहे का. ओलं असतं. ती बाटली माझ्या हातात परत देते आणि आत जाते.